लाल टॅग लागलेला दगड

नाईकसाहेबांनी माझ्या टेबलावरचा दगड उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "कुठल्या कस्टमरचा पार्ट?"

"कस्टमर नाही सर. कल्याणच्या एका कॉलेजचा आहे."

"मटेरियल काय?"

"लोखंड मिसळलेला दगड. आत प्राणी असावा असा अंदाज आहे."

साहेबांनी दगड चटकन खाली ठेवला. "जिवंत?"

"होता सर. तीस कोटी वर्षांपूर्वी."

नाईकसाहेब आमचे प्लांट हेड. कोलशेतच्या आमच्या कारखान्यात त्यांच्या परवानगीशिवाय चहाचं मशीनसुद्धा गरम होत नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "राणे, रिटायरमेंट जवळ आली तुमची. आता हे काय नवीन?"

नवीनच होतं. माझं सगळं आयुष्य पोकळ्या शोधण्यात गेलं आहे. आमच्या कामाला एनडीटी म्हणतात, म्हणजे वस्तू न तोडता तिच्या आत काय आहे ते तपासणं. गाड्यांच्या इंजिनाचे अॅल्युमिनियमचे भाग फाउंड्रीत साच्यात ओततात. ओतताना हवा अडकली की आत पोकळी राहते. शॉप फ्लोअरवर, म्हणजे मशीनच्या हॉलमध्ये, तिला ब्लोहोल म्हणतात. बाहेरून पार्ट चकचकीत असतो आणि आतून पोकळ. असा पार्ट गाडीत बसला तर एक दिवस भर रस्त्यात तडकणार. तो आधीच पकडायचा आणि परत पाठवायचा, हे माझं काम. माझा नवरा पाहुण्यांना सांगतो, "हिला कुठे स्थळ बघायला नेऊ नका, ही पहिल्या चहाला दोष काढेल."

पूर्वी हे काम एक्स-रे फिल्मवर चालायचं. आता सीटी मशीन आहे. दवाखान्यातल्या सीटीचंच भावंड. तिथे माणूस आडवा पडतो आणि मशीन त्याच्याभोवती फिरतं. आमच्याकडे मशीन जागच्या जागी आणि पार्ट स्वतःभोवती फिरतो. फिरता फिरता त्याचे शेकडो एक्स-रे निघतात आणि त्यांतून कॉम्प्युटर पातळ पातळ काप तयार करतो, पावाच्या स्लाइससारखे. धातू किंवा दगड असेल तिथे करडं दिसतं. पोकळी काळी दिसते, आणि फार दाट काही असलं तर ते पांढरं.

हे सगळं मी कल्याणच्या त्या कॉलेजात एका लेक्चरला सांगितलं होतं. लेक्चर संपल्यावर पोरं समोशांकडे पळाली आणि एक मुलगी मागे राहिली. मुलगी म्हणायचं माझ्या वयामुळे. चांगली तिशीला टेकलेली, पीएचडी करणारी. प्रज्ञा कांबळे.

"मॅडम, तुमच्या मशीनमध्ये दगड चालेल का?"

"का गं? दगडात ब्लोहोल शोधायचेत?"

"हो," ती म्हणाली. "तेच शोधायचेत."

मी हसले. ती हसली नाही. तिने पाठीवरच्या बॅगेतून स्टीलचा डबा काढला. डब्यात जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला तपकिरी दगड होता. बटाटेवड्याएवढा, तसाच गोलसर चपटा. एका कोपऱ्याचा टवका उडालेला आणि तिथे एका पायाचा आणि पाठीच्या कडेचा ठसा दिसत होता.

तिने मला जे समजावलं ते असं. कोळशाच्या खाणींत असे दगड सापडतात. प्राणी मरून चिखलात पडतो, चिखल त्याच्याभोवती घट्ट होतो, पुढे प्राणी कुजून जातो. दगडात उरते त्याची पोकळी. मोदक निघून जातो आणि साचा राहतो, तसं. हा दगड फार पूर्वी कोणीतरी परदेशातल्या खाणीतून आणून कॉलेजच्या कपाटात ठेवलेला. त्याच्याखाली लेबल होतं: कोळी. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी तो कोळी म्हणूनच पाहिला.

प्रज्ञाचं म्हणणं होतं की हा कोळी नाही. कोळ्यांच्या चुलत घराण्यातला, पूर्ण नामशेष झालेला प्राणी आहे. ट्रायगोनोटार्बिड. तो शब्द मला नीट म्हणता यायला आठवडा लागला. या घराण्यातला आज एकही जिवंत नाही. डायनासोर यायच्या कितीतरी आधी ते सगळे संपले.

"मग अडलंय कुठे?"

"प्रूफ कुठाय मॅडम? वरून एवढुसा तुकडा दिसतो. थिसिस तपासणाऱ्यांनी लिहिलंय, नक्की काय ते दाखवा नाहीतर हे चॅप्टर काढा. वैद्य सर म्हणतात, मग घासून बघू."

वैद्य सर म्हणजे तिचे गाइड, भूशास्त्राचे विभागप्रमुख. घासणं ही त्यांच्या शास्त्रातली जुनी आणि मान्य पद्धत. दगडाचा पातळ थर घासायचा, फोटो काढायचा, पुन्हा घासायचं, पुन्हा फोटो. शेवटी सगळे फोटो हातात असतात आणि दगडाची भुकटी नाल्यात गेलेली असते. सर महिनाअखेरीस रिटायर होणार होते आणि जाण्याआधी त्यांना हा विषय मिटवायचा होता.

"असा दुसरा दगड आहे?"

"आमच्याकडे नाही. हा एकच."

आयुष्यभर 'न तोडता' हा शब्द ओळखपत्रावर मिरवलेल्या बाईला हे ऐकवणार नाही. मी तिला कोलशेतला यायला सांगितलं.

नाईकसाहेबांनी शेवटी परवानगी दिली. आमच्याकडे महिन्यातून एकदा मशीनचं कॅलिब्रेशन होतं, म्हणजे त्याचीच मापं तपासतात; त्या दिवशी प्रॉडक्शनचा माल लागत नाही. "त्या वेळात बसवा. पण लॅबचे नियम ते लॅबचे नियम. पार्ट म्हणून आत येईल, पार्ट म्हणूनच बाहेर जाईल."

याचा अर्थ सांगायला हवा. आमच्या लॅबमधून टॅग बांधल्याशिवाय काहीही बाहेर पडत नाही. हिरवा टॅग म्हणजे अॅक्सेप्ट, लाल टॅग म्हणजे रिजेक्ट. तिसरा रंग नाही. गेटवरचा वॉचमन आधी टॅग बघतो, मग तुमचं तोंड.

कॅलिब्रेशनच्या दिवशी नेमकं मला ऑडिटवाल्यांनी मीटिंगमध्ये बसवून ठेवलं. स्कॅन रूपेशने केला. रूपेश आमचा मशीन ऑपरेटर, कामात पक्का. त्याने दगड थर्मोकोलमध्ये घट्ट बसवला, कारण एक्स-रेला थर्मोकोल दिसतच नाही आणि पार्ट हलला तर सगळं चित्र फिसकटतं. आमची रोजची रेसिपी लावली. रेसिपी म्हणजे मशीनमध्ये आधीच भरून ठेवलेली सेटिंग्ज. स्कॅन झाला, सॉफ्टवेअरने आतल्या पोकळ्या मोजल्या आणि निकाल दिला.

मी मीटिंगमधून सुटले तेव्हा संध्याकाळ झाली होती. रूपेश खुशीत होता. "मॅडम, एकदम क्लीन आलाय. झीरो डिफेक्ट. असा माल आपल्या फाउंड्रीवाल्यांनी दिला ना, तर लाइफ सेट."

"झीरो?"

"झीरो. हिरवा टॅग लावून दिला त्यांना. त्यांना दिव्याला घरी जायचं होतं, नळाला पाणी यायची वेळ झालेली."

मी गेटवर धावत गेले. प्रज्ञा रिक्षाची वाट बघत उभी होती. डबा छातीशी धरलेला, हातात हिरवा टॅग.

"अॅक्सेप्ट लिहिलंय मॅडम," ती म्हणाली. "म्हणजे आत काहीच नाही ना?"

मी काही बोलण्याआधी तिचे डोळे भरून आले. आमच्या गेटवर हिरवा टॅग घेऊन रडणारं माणूस वॉचमनने पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्याने तिला स्वतःची खुर्ची दिली.

"सरांना फोन केला. सर म्हणाले, स्कॅनमध्ये काही नसेल तर उद्या सकाळी घासायला घेऊ. वाट कशाची बघायची?"

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी दगडाचं काही वाटलं नाही. त्या मुलीचं वाटलं. चार वर्षं एका गोष्टीवर विश्वास ठेवायचा आणि एका मशीनने 'झीरो' म्हणायचं. मी तिला रिक्षात बसवून दिलं आणि घरी डोंबिवलीला येऊन नवऱ्यावर उगाच ओरडले.

सकाळी लॅबमध्ये पोचले तेव्हा तो रिपोर्ट माझ्या सहीसाठी पडला होता. टॅग ऑपरेटर लावतो पण शेवटची सही माझी असते. इथे मला कर्णिक सरांबद्दल सांगायला हवं. ते माझे पहिले साहेब. मी नोकरीला लागले तेव्हा या लाइनमध्ये बायका नव्हत्याच, आणि कर्णिक सरांनी मला डार्करूममध्ये शेजारी बसवून फिल्म वाचायला शिकवलं. त्यांचे नियम दोनच. पहिला, कागदावर सही करायच्या आधी फिल्म बघायची, मग कागद कोणीही आणलेला असो. दुसरा, फिल्ममध्ये दिसतं ते आधी सांगायचं, त्याचं नाव नंतर. मी "ब्लोहोल आहे" म्हटलं की ते खेकसायचे, "नाव नको! काय दिसतंय ते बोल. काळं आहे? गोल आहे? कड धारदार आहे की पुसट?" मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा.

आज फिल्म नाहीत, पण कच्चे काप असतात. सॉफ्टवेअरने हात लावण्याआधीचे. मी ते उघडले आणि एकेक पुढे सरकवायला लागले.

करडं. करडं. करडं. मग मध्यावर एक काळा ठिपका. मग एकाचे दोन झाले. पुढच्या काही कापांत दोन्ही बाजूंना चार-चार. ठिपके लांबायला लागले, वाकले, एकमेकांकडे सरकले आणि मधल्या एका मोठ्या काळ्या आकाराला येऊन मिळाले. पाय होते ते. आठ पाय.

मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. रूपेशला हाक मारली. तो आला, बघितलं आणि म्हणाला, "आयला!" मग "सॉरी मॅडम." मग पुन्हा "आयला!"

मशीन खोटं बोललं नव्हतं. आम्ही त्याला शिकवलं तेच त्याने केलं होतं. इंजिनाच्या पार्टला बोल्टची भोकं असतात, तेल जायचे रस्ते असतात. ही सगळी भोकं मुद्दाम ठेवलेली आणि बाहेरच्या हवेला जोडलेली. म्हणून आमच्या रेसिपीत पक्कं बसवलेलं आहे की बाहेरून आत शिरणारी पोकळी हा दोष नाही, ती मोजायची नाही. दगडाचा जो टवका उडाला होता तिथून केसाएवढी फट आत गेली होती. सॉफ्टवेअर त्या फटीतून आत शिरलं आणि अख्ख्या प्राण्याला बोल्टचं भोक समजून सोडून दिलं. जगात दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी वर्षानुवर्षं इंजिनंच तपासलेली असावी लागतात.

प्रज्ञाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. वैद्य सरांचा नंबर माझ्याकडे नव्हता. कॉलेजच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला. मी लॅपटॉप उचलून नाईकसाहेबांच्या केबिनमध्ये घुसले.

"सर, मला कल्याणला जायचंय. आत्ता."

"काय झालं?"

मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. त्यांनी काप मागेपुढे सरकवले. त्यांचा चेहरा अगदी शॉप फ्लोअरवरचा झाला. "एवढी मोठी पोकळी? आणि याला हिरवा टॅग? राणे, हा माल परत आणा!"

मग खिडकीतून खाली बघत म्हणाले, "भिवंडीचा टेम्पो निघतोय. बसा त्यात. मी सांगतो ड्रायव्हरला."

अशा रीतीने मी क्वालिटी मॅनेजर असून ओतीव पार्टच्या क्रेटांपुढे, ड्रायव्हरशेजारी बसून बाळकुमवरून कशेळीमार्गे निघाले. ड्रायव्हरने मला भिवंडी ओलांडून थेट कल्याणच्या दुर्गाडी पुलापर्यंत सोडलं. तो त्याचा रस्ता नव्हता आणि मी त्याला तसं म्हटलंही नव्हतं. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या म्हणून मी उतरून चालत पूल ओलांडला आणि पलीकडे रिक्षा धरली. सगळा वेळ एका हाताने फोन लावत होते.

भूशास्त्राची प्रयोगशाळा तळमजल्यावर. दारातच घासायच्या चाकाचा आवाज आला. आत दगड मेणाने काचेच्या पट्टीवर चिकटवलेला होता, फिरत्या चाकावर पाणी पडत होतं आणि पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ पट्टी हातात धरून वाकले होते. प्रज्ञा भिंतीला टेकून उभी होती. तिचा फोन टेबलावर, उपडा.

"थांबा!" मी ओरडले. माझा आवाज शॉप फ्लोअरवर मशीनच्या वरताण घडलेला आहे. वैद्य सर दचकले आणि त्यांनी हात मागे घेतला.

"आपण कोण?"

"मी शुभदा राणे. या दगडावर माझी सही बाकी आहे."

त्यांनी चाक बंद केलं. दगडाच्या एका कडेला नखाएवढी जागा सपाट झाली होती. सुदैवाने ती निव्वळ दगडाची होती, प्राणी तिथून लांब होता. ती सपाट जागा आजही आहे.

मी लॅपटॉप ओल्या टेबलावर ठेवला आणि काप सुरू केले. प्रज्ञा पुढे आली. ठिपके लांबून त्यांचे पाय झाले तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला. वैद्य सर मात्र शांत होते. "म्हणजे कोळी आहेच की आत," ते म्हणाले.

कर्णिक सरांचं भूत माझ्या अंगात शिरलं. "नाव नंतर सर," मी म्हणाले. "प्रज्ञा, दिसतं ते बोल."

ती बोलायला लागली आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. मघाशी भिंतीला टेकलेली मुलगी ती नव्हतीच.

"शरीराचे दोन भाग. पुढचा त्रिकोणी, त्यावर अखंड कवच. मागचं पोट गोलसर. दोन्हींच्या मध्ये कोळ्याची असते तशी बारीक कंबर नाही, दोन्ही भाग रुंदीभर चिकटलेत. पोटाचा पहिला आडवा पट्टा पुढच्या कवचाखाली शिरलाय."

"डब्याचं झाकण बसतं तसं," मी म्हटलं. मला राहवलं नाही.

"हो मॅडम, लॉकच आहे ते. आणि पाठीवर बघा सर. कोळ्याचं पोट पिशवीसारखं सलग असतं. इथे आडवे पट्टे आहेत आणि प्रत्येक पट्ट्याचे तीन तुकडे. मधला रुंद, कडेचे दोन अरुंद. फरशा बसवल्यासारखे."

वैद्य सर वाकून बराच वेळ बघत राहिले. माणूस हट्टी नव्हता, काटेकोर होता. "फरशा मान्य," ते म्हणाले. "पण हे बघ. पोटाच्या टोकाला काय आहे?"

टोकाला दोन-तीन बारीक काळ्या नळ्या बाहेर आल्यासारख्या दिसत होत्या. कोळी जाळ्याचा धागा सोडतो तो अशाच नळ्यांतून. ट्रायगोनोटार्बिडला त्या नसतात. त्यांनी कधी जाळं विणलं नाही, ते जमिनीवर धावून शिकार करायचे. त्या नळ्या खऱ्या असतील तर प्रज्ञाचं चॅप्टर गेलं.

तिचा चेहरा पुन्हा उतरला. पण मी त्या नळ्यांकडे बघत होते आणि मला त्या ओळखीच्या वाटत होत्या. नळ्यांच्या मुळाशी एक पांढराशुभ्र ठिपका होता, टाचणीच्या डोक्याएवढा.

"इथे धातूचा कण असू शकतो का?"

"पायराइट असेल," वैद्य सर म्हणाले. "लोखंड आणि गंधक. या दगडांत सर्रास असतं."

"मग या नळ्या नसतीलही." अॅल्युमिनियमच्या पार्टमध्ये पोलादाचा कण अडकला की एक्स-रे त्याच्यातून नीट पार होत नाहीत आणि त्याच्या आजूबाजूला काळे पट्टे उमटतात. नवीन माणूस त्याला भेग समजून चांगला पार्ट फेकून देतो. खरं-खोटं करायचा उपाय सोपा आहे. पार्ट तिरका बसवून पुन्हा स्कॅन करायचा. खरी पोकळी पार्टबरोबर फिरते. खोटा पट्टा दिशा बदलतो. "मला हा दगड आणखी एकदा द्या. तिरका करून बघते."

वैद्य सरांनी मेण गरम करून दगड सोडवला. प्रज्ञाच्या हातात न देता स्वतःच्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे दिला. "मी महिनाअखेरीस जातोय," ते म्हणाले. "मला नाव काय लागतं त्याच्याशी देणंघेणं नाही. चुकीचं लागू नये एवढंच." त्या माणसाबद्दलची माझी सगळी तक्रार तिथेच संपली.

पुढच्या कॅलिब्रेशनपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी नाईकसाहेबांकडे गेले तेव्हा तोंडाशी सगळी वाक्यं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. त्यांनी दोन पाळ्यांच्या मधला वेळ आधीच मोकळा ठेवला होता. "हा माल चुकीच्या टॅगवर बाहेर गेलाय," ते म्हणाले. "कस्टमर कोणीही असो, रीटेस्ट आपलीच जबाबदारी." आणि मग ते स्वतः लॅबमध्ये येऊन उभे राहिले. वैद्य सर आणि प्रज्ञाही आले होते.

रूपेशने थर्मोकोलचा नवा साचा कापला. दगड तिरका बसला. मी रेसिपी बंद केली, पोकळी मोजायचा नियम हाताने बदलला आणि मशीन सुरू केलं. दगड आत सावकाश फिरत राहिला. प्रज्ञा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

काप आले. आठही पाय होते तिथेच. पाठीवरच्या फरशा होत्या तिथेच, उलट अधिक स्वच्छ. मी टोकाकडे गेले. पांढरा कण होता. काळे पट्टे त्याच्यापासून निघून आता भलतीकडे, दगडातच तिरपे गेले होते. पोटाचं टोक गोल आणि कोरं होतं.

"नळ्या नाहीत," वैद्य सर म्हणाले. "प्रज्ञा, आता नाव सांग."

तिने ते अवघड नाव एका श्वासात म्हटलं. वैद्य सरांनी मान डोलावली आणि टाळी वाजवली. एकट्यानेच. मग रूपेशने, मग नाईकसाहेबांनीसुद्धा. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. तीस वर्षं मी पोकळ्या दाखवत आले होते. दर वेळी समोरच्याचं तोंड पडलं होतं, फाउंड्रीवाल्यांनी मला शिव्या घातल्या होत्या. पोकळी दाखवली म्हणून टाळी पहिल्यांदाच ऐकली.

मग टॅगचा प्रश्न आला. रूपेश दोन्ही रंग हातात घेऊन उभा राहिला. नाईकसाहेबांनी कापांकडे पाहिलं. "दगडाच्या मध्यभागी एवढी पोकळी. नियम काय म्हणतो?"

"रिजेक्ट, सर."

"मग लावा रिजेक्ट."

आम्ही दगडाला लाल टॅग बांधला. प्रज्ञा तो हातात धरून गेटवर गेली आणि वॉचमनला दाखवून हसली. तो बिचारा पार गोंधळला. हिरव्या टॅगला रडणारी बाई लाल टॅगला हसत होती.

यानंतर मी शहाडला गेले. कर्णिक सर आता मुलाकडे राहतात, नजर जवळजवळ गेली आहे. पार्ट पकडून ठेवायचे साचे बनवायच्या आमच्या थ्रीडी प्रिंटरवर रूपेशने त्या प्राण्याची प्लास्टिकची प्रतिकृती काढली होती, तळहाताएवढी मोठी करून. मी ती सरांच्या हातात ठेवली. काय आहे ते सांगितलं नाही.

त्यांनी दोन्ही अंगठे पाठीवरून फिरवले. "आठ पाय. कंबर नाही. पाठीवर आडव्या पट्ट्या. प्रत्येकीचे तीन तुकडे, मधला रुंद." मग टोक चाचपलं. "इथे काही नाही. गुळगुळीत." टोकावरचं बोट न उचलताच म्हणाले, "हं. आता नाव सांग."

मी नाव सांगितलं. मग हेही सांगितलं की सर, तुम्ही मला आधी फिल्म बघायला शिकवलं नसतं तर हा आज नाल्यात असता. आभार मानायला तीस वर्षं उशीर झाला होता. सर म्हणाले, "चहा घेणार ना?" प्रतिकृती त्यांनी परत दिली नाही. मीही मागितली नाही.

प्रज्ञाचं चॅप्टर थिसिसमध्ये टिकलं. ती पेढे घेऊन आली, लॅबला वेगळे आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला वेगळे. वैद्य सर ठरल्या दिवशी रिटायर झाले आणि जाण्याआधी त्यांनी कपाटातलं जुनं लेबल स्वतःच्या हाताने बदललं.

या सगळ्यातून मी शिकले ते थोडंच. अॅक्सेप्ट लिहिलेल्या मालातही काही हरवलेलं असू शकतं, आणि सही करायची असेल तर फिल्म स्वतः बघावी. बाकी सगळी इतर लोकांची मेहेरबानी. फाउंड्रीवाले माझ्याबद्दल काय बोलतात ते मला माहीत आहे, पण परवा मी कल्याणला जाऊन ते कपाट बघून आले. दगड नव्या लेबलावर ठेवला आहे आणि आमचा लाल टॅग तसाच बांधलेला आहे. प्रज्ञा म्हणाली, तो काढायचा नाही असं सर सांगून गेलेत.

टॅगवर रिजेक्ट करण्याचं कारण लिहावं लागतं. त्या संध्याकाळी रूपेशने पेन माझ्याकडे दिलं होतं, काय लिहू म्हणून. तिथे माझ्या अक्षरात लिहिलं आहे: 'पोकळी. आकार प्राण्याचा.' खाली माझी सही आहे.